एसटीपी बंद करू नका, आधी रात्रीचा ब्लोअर सुरू करा

पत्र : आमची सोसायटी घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे. तीन विंग, १६८ फ्लॅट, ताबा मिळून चौथं वर्ष चालू आहे. बिल्डरने बेसमेंटमध्ये ११० केएलडीचा, म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटरचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) करून दिलाय, त्याचं पाणी फ्लशला येतं. कुरबुर पहिल्यापासून होती, पण गेले तीन-चार महिने कहर झालाय. बी विंगच्या लिफ्टमध्ये सडक्या अंड्यांचा वास, फ्लशला पिवळट पाणी, वर लाइटबिल. प्लांटच्या डोक्यावर राहणारे एक काका आवाजाने झोप लागत नाही म्हणून भांडले, तेव्हापासून रात्री दहा ते सकाळी सहा टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद असतो. तसे दोन ब्लोअर आहेत. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा ठेकेदार, म्हणतो, प्लांट जुन्या पद्धतीचा आहे, टाकीत प्लास्टिकचा मीडिया टाका. दुसरा एक जण बॅक्टेरियाची पावडर घेऊन आलाय. तिसरा विजेशिवाय चालणारा प्लांट देतो म्हणतो. पुढच्या महिन्यात एजीएम (वार्षिक सभा) आहे आणि अर्धे सभासद म्हणतात, हे लचांड बंद करा, ड्रेनेज थेट महापालिकेच्या लाइनला जोडा. मी बँकेत नोकरी करते. सेक्रेटरी झाले, कारण बाकी कुणी हात वर केला नाही. लॅबचा शेवटचा रिपोर्ट आणि प्लांटचे फोटो सोबत जोडलेत. रिपोर्टमध्ये बीओडी ८ म्हणजे चांगला दिसतो, मग वास एवढा कसा? आमच्या एक आजी विचारतात, हे पाणी तुळशीला चालेल का? काय करू?
— सेक्रेटरी, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर :

ताई, प्लांट बंद करू नका. आणि निदान दोन महिने त्या तिघांपैकी कुणाकडूनही काही विकत घेऊ नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात : रात्री दहा ते सहा ब्लोअर बंद. बाकीच्या तक्रारी बहुतेक त्यातूनच निघाल्यात.

तुमचा प्लांट म्हणजे तशी साधी रचना आहे. घराघरातलं सांडपाणी जाळीतून गाळून एका मोठ्या टाकीत साठतं, तिथून ते एअरेशन टाकीत जातं. तिथे खालून ब्लोअरची हवा सोडलेली असते आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. पुढच्या टाकीत, म्हणजे क्लॅरिफायरमध्ये, हे जिवाणू गाळ होऊन तळाला बसतात, वरचं नितळ पाणी वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून जातं, क्लोरीन पडतं आणि ते गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत चढतं. तळाला बसलेला गाळ पंपाने परत एअरेशन टाकीत आणायचा, कारण काम करणारे जिवाणू त्यातच असतात. झालं. फिल्टर, क्लोरीन, पॅनेलवरचे दिवे हे सगळं नंतरचं. खरं काम एअरेशन टाकीत होतं आणि ते हवेवर होतं.

हवा थांबली की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बघता बघता संपतो. मग हवेशिवाय जगणारे दुसरे जिवाणू ताबा घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तोच तुमचा सडक्या अंड्यांचा वास. आठ तास हा वायू पाण्यात साचत राहतो. सकाळी सहाला ऑपरेटर ब्लोअरचं बटण दाबतो आणि खालून येणारे बुडबुडे रात्रभर साचलेला वायू एका दमात बाहेर काढतात. बेसमेंटमधून वर जायला त्याला सगळ्यात सोपी वाट लिफ्टच्या शाफ्टची. लिफ्टमधला वास सकाळी सहा ते आठच्या दरम्यान जास्त असतो का, हे वॉचमनला विचारा. ‘हो’ म्हणाला तर पुढचं वाचून होईपर्यंतही थांबू नका, आजपासून ब्लोअर रात्री चालू ठेवायची तयारी करा.

तयारी म्हणतोय, कारण थेट बटण दाबू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एअरेशन टाकीतलं पाणी काळं दिसतंय आणि क्लॅरिफायरवर काळे थर तरंगतायत. तळाला सडलेला गाळ आहे. तो आधी सक्शनच्या गाडीने उपसून घ्या, माणूस आत न उतरवता, वरून पाइप सोडून. मग दिवसा, बेसमेंटचे एक्झॉस्ट पंखे लावून, ब्लोअर सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस वास आतापेक्षा वाढेल. हे सभासदांना आधीच व्हॉट्सॲपवर कळवून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी प्लांटरूममध्ये जाऊन मेन स्विच पाडेल.

आता त्या काकांचं. काका बरोबर आहेत. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोपायच्या खोलीखाली ब्लोअर घरघरत असेल तर भांडणारच ते. पण त्यावर ब्लोअर बंद करणं हा उपाय नव्हे. माझा अनुभव असा की वरच्या फ्लॅटमध्ये जाणवतो तो आवाज हवेतून आलेला कमी आणि स्लॅबमधून चढलेला जास्त असतो. ब्लोअरची हवा नेणारी लोखंडी पाइप छताला क्लॅम्पने आवळलेली असते, पाइप थरथरते, स्लॅब थरथरतो, काकांची खाट थरथरते. त्या क्लॅम्पमध्ये रबर घाला, ब्लोअरच्या तोंडाशी लवचीक जोड द्या, खाली रबरी पॅड द्या. हवेचा फिल्टर तुंबलेला असेल तर तो धुवा किंवा बदला, बेल्ट आणि सायलेन्सर तपासून घ्या. एवढं झाल्यावरही आवाज राहिला तर ब्लोअरवर ध्वनिरोधक पेटी बसवा, मात्र पेटीला पंखा हवा, नाहीतर मोटार तापून बसेल. रात्री टायमर लावून पाऊण तास चालू, पंधरा मिनिटं बंद असं चालवलं तर जिवाणूंना काही होत नाही. आणि काकांना कमिटीत घ्या. खरंच. प्लांटवर कान ठेवून असलेला दुसरा माणूस तुम्हाला मिळणार नाही.

विजेचा हिशेबही तुमच्याच आकड्यांनी करू. फोटोतल्या पाटीवर मोटार साडेसात एचपीची दिसते, म्हणजे साधारण साडेपाच किलोवॅट. रात्रीचे आठ तास पूर्ण चालवली तरी ४५ युनिट. १६८ फ्लॅटमध्ये वाटलं तर दर घरामागे पाव युनिटच्या आसपास. लाइटबिलाचं कारण पुढे करून ज्यांनी ब्लोअर बंद करायला पाठिंबा दिला, त्यांना एजीएममध्ये हा आकडा सांगा.

प्लांटच्या पॅनेलवर एक वेगळा वीजमीटर बसवून घ्या आणि ब्लोअरला तास मोजणारं छोटं मीटर. ऑपरेटर ब्लोअर चालवतो की नाही यावर वाद घालत बसू नका, रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा. बँकेत आहात, वहीखातं कसं बोलतं हे तुम्हाला मी काय सांगणार. दोन ब्लोअर आहेत म्हणता, तर दुसराही चालवून बघा. पुष्कळ सोसायट्यांमध्ये ‘स्टँडबाय’ म्हणून जो उभा असतो, त्याचे सुटे भाग केव्हाच पहिल्याला लागलेले असतात.

आता तो लॅबचा रिपोर्ट. तुम्ही बीओडीचा आकडा ८ बघून गोंधळलात, की रिपोर्ट एवढा चांगला आणि वास एवढा वाईट कसा. तारखा बघा. नमुना घेतला ११ तारखेला, रिपोर्टवर सही १२ तारखेची. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. आपल्याकडे ही चाचणी नमुना २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून करतात. तीन दिवसांची चाचणी एका दिवसात उरकणारी लॅब मला अजून भेटायची आहे. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. तुमच्या टाकीची ती अवस्था असताना तो ८ वर येणं अशक्य आहे. हा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा, एएमसीवाल्याशी बोलताना उपयोगी पडेल. यापुढे नमुना कमिटीतल्या कुणीतरी स्वतः काढायचा, बाटली बर्फात ठेवायची आणि मान्यताप्राप्त लॅबला थेट पोचवायची. पैसेही लॅबला सोसायटीने थेट द्यायचे. ठेकेदारामार्फत गेलेला नमुना नेमका कुठल्या नळाचा होता, ते देव जाणे.

पण महिन्यातून एकदा येणाऱ्या रिपोर्टवर प्लांट चालत नाही. रोजची परीक्षा तुम्ही स्वतः घेऊ शकता, त्याला केमिस्ट्री लागत नाही. एक लिटरचं, रेषा आखलेलं काचेचं उभं नळकांडं आणा. ब्लोअर चालू असताना एअरेशन टाकीत दोरीने छोटी बादली सोडून पाणी काढा, नळकांडं एक लिटरच्या रेषेपर्यंत भरा आणि सपाट जागी तीस मिनिटं ठेवून द्या. हलवायचं नाही. चांगल्या प्लांटचं पाणी सुरुवातीला चॉकलेटी, गढूळ दिसतं. पाच मिनिटांत त्यात गुठळ्या धरू लागतात, त्या खाली उतरतात आणि वर स्वच्छ पाण्याची पट्टी वाढत जाते. अर्ध्या तासाने गाळ २०० ते ३०० मिलिलिटरच्या रेषेपाशी थांबला आणि वरचं पाणी असं नितळ असलं की त्यापलीकडचा वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो, तर तुमचं बरं चाललंय. वासही ओल्या मातीचा येतो, मैल्याचा नव्हे. गाळ ६०० च्या वर अडकून राहिला तर तो फार साठलाय किंवा बिघडलाय. ५० च्या खाली गेला तर जिवाणूच उरले नाहीत. रंग काळा असेल तर हवा कमी पडतेय. वर जाड तपकिरी फेस धरला तर गाळ म्हातारा झालाय, काढा. पांढरा हलका फेस सुरुवातीच्या आठवड्यांत येतोच, त्याला घाबरू नका. रोज एकाच वेळी हे करायचं, आकडा वहीत, आणि मोबाइलवर फोटो. चार-सहा आठवड्यांचे फोटो ओळीने लावलेत की प्लांट कुठे चाललाय ते तुम्हाला एएमसीवाल्याच्या आधी कळेल.

एएमसीवाल्याला एक प्रश्न लेखी विचारा : गेल्या तीन महिन्यांत गाळ किती काढला आणि कुठे टाकला? तुमच्या एवढ्या प्लांटमध्ये रोज पाचशे ते हजार लिटर पातळ गाळ जादा तयार होतो. जिवाणू खातात, वाढतात, त्यांची संख्या वाढते, म्हणून तो काढावाच लागतो. फिल्टर प्रेसमधून पिळून त्याची वडी पाडायची. तुमच्या फोटोतली फिल्टर प्रेस कोरी करकरीत आहे, कापडावर डागसुद्धा नाही! मग गाळ गेला कुठे? क्लॅरिफायरमधून वाहून वाळूच्या फिल्टरमध्ये, तिथून कार्बनमध्ये आणि तिथून तुमच्या फ्लशच्या टाकीत. पिवळट पाण्याचं उत्तर इथे आहे. थोडीशी पिवळी झाक चांगल्या प्लांटच्या पाण्यातही राहते, ती काढायलाच कार्बन असतो. पण कार्बन गाळाने लिंपला की तो मेला. प्लांट सुधारल्यावर वाळू धुवून किंवा बदलून घ्या, कार्बन नवा भरा आणि रोज फिल्टरची उलट धुलाई करा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून ते धुवा. धुलाईचं पाणी पहिल्या साठवण टाकीत परत गेलं पाहिजे. गच्चीवरची फ्लशची टाकी एकदा रिकामी करून घासा. आणि क्लोरीनच्या चाचणीचं साधं किट आणून शेवटच्या नळाला थोडा क्लोरीन उरतोय ना हे बघत जा. पिळलेला आणि वाळलेला गाळ ओल्या कचऱ्याच्या खतात मिसळून बागेतल्या शोभेच्या झाडांना चालतो.

त्यावरून आठवलं, तुमच्या एका आजींनी विचारलंय की हे पाणी तुळशीला घातलं तर चालेल का. सोवळ्या-ओवळ्याचं उत्तर मी देणार नाही. तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो, पुदिना-कोथिंबीर कच्ची खातो, म्हणून त्यांना नळाचं पाणी घाला. जास्वंद, मोगरा, लॉन यांना हे पाणी खुशाल द्या, फक्त फवारा न मारता मुळाशी.

आता ते तिघे विक्रेते. प्लास्टिकच्या मीडियाची पद्धत, म्हणजे एमबीबीआर, ही खरी आणि चांगली पद्धत आहे. त्या तुकड्यांवर जिवाणूंचा थर धरतो आणि छोट्या टाकीत जास्त काम होतं. पण तुम्हाला टाकी छोटी पडत नाहीये. १६८ घरं, घरटी चार माणसं धरली तर ६७२. माणशी १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशेब, त्यातलं सुमारे ऐंशी टक्के ड्रेनेजमध्ये येतं. म्हणजे दिवसाला सत्तर-पंचाहत्तर हजार लिटर. प्लांट आहे १ लाख १० हजारांचा. जागा मुबलक आहे, हवा नाही. मीडियाच्या तुकड्यांनाही हवाच लागते, उलट ते सतत फिरते ठेवायला जास्त लागते. आणि निघायच्या तोंडाला जाळी न बसवता ते ओतले तर आठवड्यात ते क्लॅरिफायरमध्ये आणि पंपात सापडतील.

पावडरवाल्याला चहा पाजून परत पाठवा. सांडपाण्याला जिवाणू बाहेरून आणावे लागत नाहीत, ते आपल्या पोटातूनच येतात. त्यांना जगवायचं असतं. टाकी उपसल्यावर काम लवकर मार्गी लागावं असं वाटत असेल तर शेजारच्या ज्या सोसायटीचा प्लांट नीट चालतो, तिथल्या एअरेशन टाकीतलं चार-पाच हजार लिटर पाणी टँकरने आणून ओता. विरजण लावतो तसं. काही जण शेण-गुळाचं पाणी घालतात. त्याने बिघडत नाही, पण शेजाऱ्याच्या चालू प्लांटची सर त्याला नाही. दोन ते चार आठवड्यांत नळकांड्यातला रंग बदलायला लागेल.

विजेशिवाय चालणाऱ्या प्लांटबद्दल मात्र मला आदर आहे. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत, म्हणजे खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळीसारखी पाणथळ झाडं लावून त्यातून सांडपाणी पाझरवायचं, किंवा आयआयटी मुंबईत विकसित झालेली मातीतून गाळायची पद्धत, या दोन्ही खऱ्या आहेत आणि त्यांना वीज अगदीच थोडी लागते. पण त्यांना जमीन लागते. उघडी, उन्हातली जमीन. बंगल्यांची वसाहत असेल, बदलापूर-कर्जतकडचा प्लॉट असेल, तर मी पहिला सल्ला तोच देईन. घोडबंदरला पोडियमवर पोरांना सायकल फिरवायला जागा नाही, तिथे कर्दळीचे वाफे कुठे घालणार? तुमच्या बेसमेंटमध्ये विजेशिवायचा प्लांट देतो म्हणणारा माणूस एक तर सेप्टिक टँकलाच नवं नाव देऊन विकतोय, किंवा त्याला तुमचं बेसमेंट दाखवलेलं नाही.

महापालिकेच्या लाइनला थेट जोडण्याचं म्हणाल, तर आधी पाण्याचा हिशेब. फ्लशला माणशी ४५ लिटर धरतात. ६७२ माणसांचे झाले तीस हजार लिटर. एसटीपी बंद केला की हे तीस हजार लिटर रोज दुसरीकडून आणावे लागतील, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. रोज. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे टँकरचा भाव काय असतो आणि तो वेळेवर येतो का, हे घोडबंदरवाल्यांना मी सांगायला नको. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, स्टेम (शहाड-टेमघरची पाणी योजना), एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि भातसा असं चौफेर मागून आणलेलं पाणी आहे. ते शौचालयात ओतायला कुणी जास्तीचं देणार नाही.

मी राहतो नेरुळला. आमच्याकडे सिडकोच्या काळापासून ड्रेनेजच्या लाइनी आहेत आणि महापालिकेचे मोठे प्लांट आहेत, कोपरखैरणे आणि ऐरोलीत तर ते पाणी आणखी शुद्ध करून कारखान्यांना द्यायची सोय केली आहे. वर मोरबे धरण हाताशी. त्यामुळे आमच्या जुन्या बिल्डिंगमधले लोक ‘ठाणेकरांना एक प्लांट सांभाळता येत नाही’ असं ऐटीत म्हणतात, तेव्हा हसू येतं. आमची डोकेदुखी दुसरं कुणीतरी सांभाळतंय, एवढंच.

दुसरी बाजू कायद्याची. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते आणि एसटीपी चालवणं ही त्या मंजुरीची अट असते. जोडीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, तिच्यात बीओडीची मर्यादा लिहिलेली असते, हल्लीच्या संकुलांना बहुतेक १०. एजीएमच्या ठरावाने ही अट रद्द होत नाही. जादा शुद्ध पाणी महापालिकेच्या लाइनला सोडता येतं, तुमचंही बागेला वापरून उरलेलं जातच असेल. कच्चं सोडणं वेगळं. ते कुठेतरी नाल्यात, मग खाडीत जातं, आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. संमतीचा कागद अजून बिल्डरच्या नावावर आहे का, की सोसायटीच्या, हे याच आठवड्यात शोधा.

सभासदांनी काय करायचं, ते थोडक्यात, कारण सूचनाफलकावर लांबलचक लिहिलेलं कुणी वाचत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर, वाइप्स कमोडमध्ये नकोत. ॲसिड आणि चोकअप काढायची पावडर बाटल्या-बाटल्या ओतू नका, त्याने जिवाणू मरतात. आणि तळणीचं तेल सिंकमध्ये नको. दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांचं तेल १६८ घरांतून एकाच आठवड्यात आलं की एअरेशन टाकीवर तवंग धरतो आणि महिनाभर निस्तरावं लागतं. त्या आठवड्यात गेटपाशी तेलासाठी एक डबा ठेवा.

आता जे लिहितोय ते एजीएममध्ये मोठ्याने वाचा. मे २०१९ मध्ये ढोकाळीत एका गृहसंकुलाचा एसटीपी साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. तुमच्यासारखंच संकुल, तुमच्यासारखाच प्लांट, तुमच्यापासून फार लांब नाही. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना नाकाला झोंबतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वायू गेला. तो उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. तुमच्या टाकीत महिनोन्‌महिने सडलेला गाळ आहे, म्हणजे ढवळताच वायू उसळणार. टाकीत कुणीही उतरायचं नाही. ऑपरेटर नाही, हाउसकीपिंगचा पोरगा नाही, ‘मला सवय आहे’ म्हणणारा तर मुळीच नाही. डिफ्यूझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे तुकडे) बदलण्यासारखं काही करायचंच असेल तर टाकी रिकामी करून, वायुमापक, हवेचा पंखा, तिपाई आणि पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा घेऊन येणारी एजन्सी लावायची. २०१३ च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदाच दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं. ‘ठेकेदाराचा माणूस होता’ म्हणून सोसायटी सुटेल या भरवशावर राहू नका. झाकणांना कुलपं लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

एएमसीवाल्याला काढू की ठेवू, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण एजीएममध्ये विचारलं जाणार. माझं मत, लगेच काढू नका. ब्लोअर बंद करायला सोसायटीनेच सांगितलं होतं, तेवढा दोष आपला. पण गाळ न काढणं आणि तो एका दिवसातला रिपोर्ट हा त्याचा. त्याला बसवून नवा करार लिहा : दोन पाळ्यांत ऑपरेटर, रोजची वही, गाळ काढल्याचं वजन आणि फोटो, सोसायटीने घेतलेल्या नमुन्याचा निकाल मर्यादेत आला तरच महिन्याचं पूर्ण बिल. सही करायला तो कचरला तर उत्तर मिळालं.

शेवटचं आणि तातडीचं काम बिल्डरचं. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा सुविधेत निघालेला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, कळवल्यापासून तीस दिवसांत. तुमचं चौथं वर्ष चालू आहे. छताला थेट आवळलेली पाइप, ध्वनिरोधाविना बसवलेला ब्लोअर, आणि मुळात नकाशे, चालवण्याची पुस्तिका, संमतीचे कागद न देता झालेलं हस्तांतर, हे सगळं त्या पत्रात येऊ शकतं. आजवर गाळ काढला नाही हे येणार नाही, ती देखभाल आपली. पत्रासोबत फोटो लावा, पोचपावती घ्या, आणि एजीएमची वाट न पाहता कमिटीच्या ठरावावर याच आठवड्यात पाठवा. सभेत भांडणं व्हायची ती होतील, पाच वर्षांची मुदत तोवर थांबणार नाही.